चौसष्ट अंश, सहाशेवीस पावलं

९ एप्रिल

रोझलिंडचा फोन. माझ्या भावाची, क्लेमची मुलगी. आम्ही नाताळाला एकदा बोलतो, तेव्हा एप्रिलमध्ये तिचा आवाज ऐकला आणि कळलं की काहीतरी झालंय. क्लेमला फेब्रुवारीत मेंदूचा झटका येऊन गेला. आता ओकहॅम्प्टनला तिच्याकडेच असतो. चालतो, जेवतो, आकडे बिनचूक सांगतो, पण चेहरे ओळखत नाही. सकाळी तिलाच विचारतो, तुम्ही कोण.

"आत्या, तो रोज एकच विचारतो. हेस्टरला पेटी सापडली का? मी काय सांगू त्याला?"

सांग, तिथे पेटी नव्हतीच. पस्तीस वर्षं झाली, अजून याची चेष्टा संपत नाही!

फोन ठेवला. बटाटे सोलले.

१० एप्रिल

झोप नीट लागली नाही. लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

डार्टमूरच्या माळावर पेट्या लपवायला आणि शोधायला आम्हा दोघांना बाबांनी शिकवलं. दगडाखाली डबा, डब्यात एक वही आणि एक रबरी शिक्का. डब्यातला शिक्का आपल्या वहीत, आपला शिक्का डब्यातल्या वहीत, आणि डबा होता तसा परत. माझा शिक्का किटलीचा, क्लेमचा गोगलगायीचा, बाबांचा टिटवीचा — त्यांनी स्वतः खोडरबरातून कोरलेला.

बाबा गेल्यावर त्यांच्या नावाची एक पेटी मी ठेवली. तिची खूण कागदावर उतरवायची नाही, फक्त तोंडी सांगायची, असं ठरलं होतं. क्लेमने ती छापील यादीत दिली. 'लोकांना कळू दे की बाबा कोण होते,' म्हणे. उन्हाळाभर माणसांची रांग! गवत तुडवलं गेलं, शेवटी डबाही कोणीतरी उचलून नेला. टिटवीचा शिक्का क्लेमकडेच होता. मी मागितला, त्याने दिला नाही. तेव्हापासून बोलणं बंद.

पुढे ८९ च्या जूनमध्ये त्याची चिठ्ठी आली. "काउसिक नदीच्या दोन ओढ्यांच्या संगमापासून चौसष्ट अंश, सहाशेवीस पावलं. टिटवी तिथे आहे. ही खूण फक्त तुला." मी दुसऱ्या दिवशी गेले. तीनदा पावलं मोजली. दगडाखाली हात घालून घालून कोपरं सोलली. काही नव्हतं.

त्याला उत्तर पाठवलं नाही. आजवर नाही.

१४ एप्रिल

जाऊन यायचं ठरवलं. पेटी शोधायला नव्हे. जागेचा फोटो काढीन, रोझलिंडला पाठवीन — बघ, दाखव त्याला, रिकामी आहे. म्हणजे त्याचं तोंड बंद होईल आणि माझंही.

माझ्या गुडघ्यांना विचारलेलं नाही.

१७ एप्रिल

लाल निशाण. सैन्याचा गोळीबाराचा सराव चालू, माळ बंद. गाडीतच बसून सँडविच खाल्लं आणि परत आले.

२३ एप्रिल

धुकं. स्वतःचे बूट दिसेनात. संगमापर्यंतसुद्धा पोचले नाही.

रोझलिंडचा निरोप: आज त्याने दोनदा विचारलं.

२९ एप्रिल

ऑब्री लस्कम येतो म्हणाला. शेजारचा. चाळीस वर्षं गाईंचं दूध काढून झालं, आता दिवसभर माझ्या कुंपणाशी उभा असतो. पेट्यांचा त्याला नाद आहे पण शिस्त नाही. फोन बघत चालतो. एकटी जाऊ नकोस म्हणाला, पडलीस तर तुला उचलायला मेंढ्या येणार नाहीत. हो म्हटलं. गुडघ्यांच्या वतीने.

२ मे

सापडली.

नीट लिहायला हवं.

ऊन होतं, निशाण नव्हतं. संगमाशी अकराला पोचलो. गवतात चंडोलांची घरटी, म्हणून पाऊल बघून टाकत होतो. मी वही काढून वजाबाकी केली. होकायंत्राची उत्तर दिशा वर्षावर्षाला सरकत असते, हे या माळावर कोणालाही ठाऊक असतं. ८९ साली ती नकाशाच्या उत्तरेपासून साडेपाच अंश पश्चिमेला होती. आता दोन्ही जवळजवळ एक झाल्यात. तेव्हा मी होकायंत्रावर चौसष्ट लावून चालले होते. आज त्याच जागी जायचं तर साडेपाच कमी करायला हवेत. साडेअठ्ठावन्न.

ऑब्री म्हणाला, "कागदावर चौसष्ट लिहिलंय ना? मग चौसष्टच लाव की."

मी म्हटलं, तुला कळत नाही. तो म्हणाला, बरं, नाही कळत. आणि चौसष्टवर चालू लागला, फोन हातात धरून.

मी माझ्या रेघेवर चालले. सहाशेवीस पावलं, आता माझी पावलं आखूड झालीत म्हणून थोडी वर. तीच जागा. तोच मोठा सपाट दगड, डाव्या बाजूला काटेरी झुडूप. कोपरं सोलली गेली तीच जागा. खाली काही नाही. फोटो काढला. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

तेवढ्यात ऑब्रीने हाक मारली. साठेक पावलं उजवीकडे होता, पोटावर पालथा, खांद्यापर्यंत हात एका भोकात.

"हेस्टर, सैन्याचा जुना पत्र्याचा डबा आहे. गंजलाय. यावर किटली रंगवलीय."

मी तिथवर कशी गेले आठवत नाही. दगडावरून गेले असेन.

डब्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या, एकीत एक. आतल्या पिशवीत बाबांची टिटवी. वही. एक पोस्टकार्ड.

वहीच्या पहिल्या पानावर क्लेमचं अक्षर: "हेस्टर, तू नेहमी नकाशावरून चालतेस, म्हणून या वेळी अंश तुझ्या पद्धतीने, नकाशाच्या उत्तरेपासून दिलेत. मी गणित करून ठेवलंय. तू नको करूस."

ही सूचना डब्याच्या आत! डब्याच्या आत लिहून ठेवली, मूर्खाने!

जन्मभर तो होकायंत्राचे अंश द्यायचा. मी जन्मभर ते नकाशावर उतरवून घ्यायचे, आणि तो हसायचा. त्या दिवशी मी ठरवलं होतं की एकदा तरी याच्या पद्धतीने जाऊ, काही उतरवायचं नाही, सरळ होकायंत्र लावू. त्याला बरं वाटेल. मी त्याच्यासाठी वाकले आणि तो माझ्यासाठी. तेव्हा दोन्ही उत्तर दिशा वेगळ्या, म्हणून साठ पावलं चुकली.

ऑब्री जरा लांब जाऊन बसला आणि त्याने थर्मास उघडला. त्याला एवढी अक्कल आहे.

बाकीच्या वहीत दर जूनला एक गोगलगाय. तारीख, आणि खाली दोन शब्द. "अजून नाही." ९०, ९१, ९२. काही ठिकाणी पाऊस पडल्याचं लिहिलंय. २००१ ला जनावरांच्या साथीमुळे माळ बंद होता, तेव्हा सप्टेंबरची तारीख आहे. शेवटची गोगलगाय मागच्या जूनची. तिचा शिक्का तिरका उमटलाय.

मला रडू आलं. बराच वेळ. हे इथे लिहायला हरकत नाही, कोणी वाचत नाही.

मग माझी किटली उमटवली. तारीख घातली. खाली लिहिलं: "आले."

३ मे

पोस्टकार्ड टेबलावर आहे. क्लेमचाच पत्ता, त्याच्याच अक्षरात, मागची बाजू कोरी. ही आमची जुनी रीत — आपल्याच नावाचं कार्ड पेटीत ठेवायचं. पुढचा जो येईल त्याने ते नेऊन टपालात टाकायचं. कार्ड घरी आलं की समजायचं, कोणीतरी पोचलं. आपण ठेवलेलं कार्ड आपण कधी काढायचं नाही. म्हणून त्याने चौतीस वेळा ते हातात घेतलं असेल आणि परत ठेवलं असेल.

पत्ता टॅव्हिस्टॉकच्या जुन्या घराचा. तिथे आता दुसरेच लोक राहतात. तिकीट ८९ सालचं, ते आता चालत नाही. पत्ता खोडून रोझलिंडचा घातला. नवं तिकीट लावलं.

बाबा म्हणायचे, जो पोचला त्याने कार्ड टाकायचं, यात सूट नाही. संध्याकाळी नाक्यावरच्या लाल पेटीपर्यंत गेले.

परत आले. कार्ड खिशातच आहे.

४ मे

रोझलिंडला फोन केला. रविवारी येते म्हटलं. ती म्हणाली, "आत्या, तो तुला ओळखणार नाही. मनाची तयारी करून ये."

म्हटलं, पस्तीस वर्षांनी मीच त्याला ओळखीन की नाही, कोण जाणे.

पेटीतून घरी आणलेली टिटवी त्याच्याकडे नेऊ की नको, यावर दिवस गेला. ऑब्रीला विचारलं. तो म्हणाला, शिक्का पेटीचा असतो, उचलून आणलास तेच चुकलं. बरोबर आहे. परत ठेवून येईन. सोमवारी. आधी कार्ड.

५ मे

क्लेम खिडकीशी बसला होता. बारीक झालाय. मी कार्ड त्याच्या हातात दिलं. पुढून पाहिलं, मागून पाहिलं, अंगठा तिकिटावरून फिरवला.

"पोस्टातल्या का तुम्ही, बाई?"

हो म्हटलं.

"मग हेस्टर पोचली तिथे?"

पोचली म्हटलं. फार उशीर झाला तिला.

तो हसला. "तिला सांगा, उत्तर सरकली होती. तिची काही चूक नाही."

सांगते, म्हटलं.