रविवारचा अर्धा तास

रविवार, १३ एप्रिल
दुकानातून, दुपारी

प्रिय ताई,

धाकट्याचा नमस्कार. तुझ्या वॉर्डातली मैत्रीण सुट्टी संपवून परवा परत निघते आहे, तिच्या हातून हे पाठवतो आहे. एवढे फोन आणि मेसेज असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. ते पुढे येईलच. इकडे ऊन तापायला लागलंय. दुकानात गर्दी आहे, कारण उन्हाळ्यात लोकांच्या बॅटऱ्या माना टाकतात. बाबा बरे आहेत. म्हणजे आज बरे आहेत.

तुझी गाडीही उत्तम आहे. तिच्याबद्दल पहिल्यापासून सांगतो, म्हणजे मला जिथे पोचायचंय तिथे पोचता येईल.

ऑक्टोबरात तू सहा महिन्यांच्या नोकरीवर तिकडे निघालीस त्याच्या आदल्या दिवशी बाबांच्या घरच्या शेडच्या भिंतीवर कागद चिकटवत होतीस, आठवतं? दर रविवारी गाडी बाहेर काढणे. अर्धा तास चालवणे, जागेवर नुसती सुरू करून बंद न करणे. हवा बघणे. बाबांना पुढच्या सीटवर बसवून नेणे. मी हसलो होतो. म्हटलं, ताई, बावीस वर्षं बॅटरीचं दुकान चालवतोय मी, आणि तू नर्स मला बॅटरी शिकवतेस? तू म्हणालीस, "बॅटरी तुला येते रे फ्यूज, रविवार येतात का ते बघू." मी ते चेष्टेवारी नेलं. लहानपणी घरातले सगळे फ्यूज मी उडवले म्हणून तू मला फ्यूज म्हणतेस, तशातलंच काहीतरी वाटलं.

पहिल्या रविवारी मी गेलो. अगदी वेळेवर. बॉनेट उघडलं, आणि तिथेच माझ्यातला कारागीर जागा झाला. सहा महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला दर आठवड्याला फिरवायची गरजच काय? गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, लॉक हे सगळं बॅटरीतून थेंब थेंब पीत असतं. तेवढं तोडलं की झालं. मी दहाचा पाना घेतला, निगेटिव्हची केबल सोडवून बाजूला वळवून ठेवली. दुकानातून आणलेला छोटा चार्जर भिंतीतल्या प्लगला लावला, त्याचे चिमटे बॅटरीला. हा चार्जर हुशार असतो, बॅटरी भरली की स्वतःच थांबतो, उतरायला लागली की पुन्हा सुरू होतो. त्यावर गाडी वर्षभर सोडली तरी बॅटरीला काही होत नाही. गिऱ्हाइकाला मी हेच करून दिलं असतं आणि त्याने मला दुवा दिला असता.

वीस मिनिटांत काम आटोपलं. बाबा पायऱ्यांवर बूट घालून उभे होते. मी म्हटलं, "आज नको बाबा, गाडीचं काम चाललंय." ते म्हणाले, "बरं." मी निघालो.

ताई, त्यानंतर मी रविवारी गेलोच नाही.

औषधं दर महिन्याला पोचवली, तेवढं खरं आहे. तीही फाटकातून, स्कूटर बंद न करता. बाकी तुझ्या गाडीची बॅटरी तपासली म्हणून तुला मीटरचे जे फोटो येत होते ते सगळे या दुकानातले. रविवारी सकाळी इथे कॅरम असतो. मी, समोरचा पंक्चरवाला आणि त्याचे दोन मेहुणे. एक डाव झाला की मी उठायचो, मांडणीवरच्या कुठल्यातरी नव्या बॅटरीला मीटर लावायचो आणि फोटो पाठवायचो. एकदा १२.६ व्होल्ट, एकदा १२.७, म्हणजे खरं वाटावं. एकदा तू लिहिलंस, "वा, ठणठणीत आहे की." मी उत्तर दिलं, "सांभाळतोय कोण बघ." हे लिहिताना मी हसत होतो. आज आठवलं की कान गरम होतात.

का गेलो नाही, हे तू विचारशील. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, सांगायला काहीतरी असतं. काही झालं नव्हतं. बाबा तेच तेच बोलतात. नकाशाच्या कचेरीतल्या त्याच गोष्टी, तोच साहेब, तीच वाकडी निघालेली रेघ. मग ते विचारतात, "दुकान कसं चाललंय?" आणि मी "चाललंय" म्हणतो. मग दोघेही भिंतीकडे बघतो. एवढ्याचा मला कंटाळा होता. बॅटरीला माझी गरज उरली नव्हती, म्हणून मी स्वतःला मोकळा समजलो. तू जे काम मला दिलं होतंस त्यातली बॅटरी तेवढी मी उचलली.

आता ते सांगतो जे तुला 'व्हायरल ताप' म्हणून सांगितलं होतं. तो ताप नव्हता.

तेवीस मार्च, रविवार. हे मला शेजारच्या शिंपीणकाकूंनी सांगितलं, आणि सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, हातातल्या कापडाकडे बघत होत्या. बाबा दर रविवारी दहाच्या सुमारास तयार होतात. इस्त्रीचा शर्ट, बूट, चष्म्याचं घर खिशात. शेडमध्ये जातात, किल्लीने दार उघडतात, पुढच्या सीटवर बसतात, पट्टा लावतात. दार उघडं ठेवलं तर मांजर आत शिरतं म्हणून लावून घेतात. तासभर बसतात आणि घरात येतात. काकूंनी एकदा विचारलं तर म्हणाले, "मुलगा येणार आहे, चक्कर मारायची आहे." काकूंना वाटलं, मी उशिरा येत असेन. ऑक्टोबरापासून, ताई. थंडीत त्याचं काही वाटलं नसेल. मार्चमध्ये वरचा पत्रा तापला. खिडकीची काच बटणावर खाली येते, आणि बटणाला वीज नव्हती, कारण केबल मी सोडून ठेवली होती.

त्या दिवशी काकू ब्लाऊज द्यायला बाहेर पडल्या तेव्हा साडेअकरा झाले होते. बाबांची मान एका बाजूला कलली होती, शर्ट चिंब. हाक मारली तर ओ नाही. काकूंना गाडी चालवता येते, म्हणून तर तू किल्ली कुठे असते ते त्यांना दाखवून गेली होतीस. वेळ पडली तर गाडी तयार हवी, हे त्या कागदावर तू शेवटी लिहिलं होतंस आणि खाली दोन रेघा मारल्या होत्यास. काकूंनी किल्ली फिरवली. काहीच नाही. टकसुद्धा नाही. काठोकाठ भरलेली बॅटरी त्यांच्यापुढे हातभर अंतरावर होती आणि गाडी दगडासारखी उभी. एक नट आवळायचा होता. त्यांना ते कसं कळणार?

मग त्यांनी बाबांच्या फोनवरून मला फोन केला. तीनदा.

मी तिन्ही वेळा बघितला. स्क्रीनवर 'बाबा' आलं. माझी खेळी चालू होती. मला वाटलं, येतोस का म्हणून विचारतील. मी फोन पालथा घातला. चौथ्या वेळी काकूंनी स्वतःच्या फोनवरून लावला. तो नंबर माझ्याकडे नव्हता, म्हणून मी लगेच उचलला. गिऱ्हाईक असेल असं वाटलं.

पोचलो तोवर काकूंनी भाजीचा टेम्पो थांबवून बाबांना दवाखान्यात नेलं होतं. उष्माघात. अंगातलं पाणी गेलेलं, रक्तदाब खाली आलेला. तीन दिवस सलाईन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून अर्धा तास गेला असता तर मी तुम्हाला काही सांगू शकले नसते." मग त्यांनी विचारलं, "बंद गाडीत एवढा वेळ कसे काय बसले होते?" मी म्हटलं, माहीत नाही. तिथेही खोटंच बोललो, ताई. तोंडाला सवय झाली आहे. म्हणून फोन नाही, पत्र. लिहिताना खोडावं लागतं, आणि खोडलेलं दिसतं.

तुला कळवायचं नाही, हे बाबांनी ठरवलं. सलाईन चालू असताना तुझा फोन आला, तेव्हा त्यांनी आवाज इतका खणखणीत काढला की शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. "थोडा व्हायरल आहे," म्हणाले. मी शेजारी उभा होतो. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी त्यांना सफरचंद कापून दिलं.

आणि या बुधवारी तुझा मेसेज आला. हॉस्पिटल तुला अजून दोन वर्षं ठेवून घेतंय, तीस तारखेला सही करायची. तू लिहिलंस, "एरवी मी केली नसती. पण बाबा दर आठवड्याला सांगतात, तुम्ही दोघं तळ्यावर जाता, हिरव्या बाकावर बसता, तू त्यांना शहाळं घेऊन देतोस. हे ऐकलं की मला इथे झोप लागते. तुझ्या जिवावर सही करते आहे."

तो मेसेज मी दुकानात उभ्यानेच वाचला. कुठलं तळं? कुठला बाक? म्हणजे मी इथून मीटरचे फोटो पाठवत होतो आणि तिकडे बाबा माझी बाजू राखायला तुला तळं सांगत होते. आम्ही दोघांनी मिळून तुला फसवलं, आणि एकमेकांना विचारलंसुद्धा नव्हतं.

आज सकाळी गेलो. चार्जर काढला, केबल लावली, नट आवळला. एका झटक्यात गाडी सुरू झाली. बॅटरी इतकी उत्तम होती की मला तिचा राग आला. बाबा तयारच होते. दवाखान्यातून आल्यापासून त्यांचा डावा पाय जरा ओढतो, पायरीला हात द्यावा लागला. हेही तुला सांगितलेलं नाही.

तळ्यावर गेलो. बाक एकच आहे आणि तो तपकिरी आहे. बाबा त्याच्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "ताईला हिरवा सांगितलाय. तू लक्षात ठेव." मला हसू आलं. आम्ही बसलो. मी म्हटलं, "बाबा, गाडी बिघडली नव्हती."

ते म्हणाले, "माहीत आहे."

"कसं?"

"पहिल्या दिवशी खिडकीतून बघितलं की. तू तार सोडलीस आणि बाजूला ठेवलीस. बिघडलेल्या गाडीची कोणी तार सोडून जातं का? मी नकाशे काढले, पण एवढं कळतं मला."

मी विचारलं, "मग दर रविवारी बसत का होतात?"

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. मग म्हणाले, "सोडलेली तार जोडायला माणूस कधीतरी येतो. आलास तर मी तयार असावं, तुझा वेळ जाऊ नये."

यावर मला जे बोलायचं होतं ते तुझ्याजवळ बोलतो. मला लाज वाटते, ताई. लाज वाटते म्हणून तू मला माफ करावंस असं नाही, आणि तू ओरडलीस की माझं ओझं उतरेल म्हणूनही हे लिहीत नाही. तू माझ्या जिवावर सही करणार आहेस, आणि तो जीव कसला आहे ते तुला आधी माहीत असायला हवं. गेल्या सहा महिन्यांत मी एकाही रविवारी बाबांना घेऊन बाहेर पडलो नाही. आज पडलो. एकदाच. एवढाच हिशोब आहे माझा, तो वाढवून सांगता येत नाही.

बाबांना हे पत्र पसंत पडणार नाही. परतताना गाडीत दोनदा म्हणाले, "तिची सही अडवू नकोस." मी हो म्हटलं. आज त्यांच्याशी बोललेलं हे एक खोटं. तेही तुला सांगून टाकलं.

तू ये म्हणत नाही, राहा म्हणत नाही. तो हक्क मी घालवला. तुझा कागद शेडच्या भिंतीवर आहे तसाच आहे. काकूंना मी बॉनेट उघडायला शिकवलं, पाना किल्लीलाच बांधून ठेवला, त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये घेतला. यापुढे तुला मीटरचे फोटो येणार नाहीत. रविवारी साडेदहाला इकडे फोन कर, बाबांच्या फोनवर, आणि मागे इंजिनाचा आवाज येतो का ते ऐक. नाही आला, तर समज काय समजायचं ते, आणि निघून ये.

बाकाचं त्यांना विचारलंस तर ते हिरवाच सांगतील. तेवढं मात्र मानून घे.

तुझा, जिथे लागायला हवा होता तिथे न लागलेला,
फ्यूज