जाणकार गुंतवणूकदारांच्या यादीतून नाव कमी होण्याबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
गुंतवणूकदार संरक्षण कार्यालय, दुसरा मजला.

विषय : मला चुकून जाणकार समजण्यात आले असून ते समजणे मागे घेण्याबाबत व हेज फंडात अडकलेली निम्मी रक्कम शुक्रवारपूर्वी मिळण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे दोन अर्ज. २) ते फेटाळल्याची आपली दोन पत्रे. ३) खिडकी क्रमांक तीनवरील बाईंनी तोंडी दिलेला सल्ला.

महोदय,

तिसऱ्यांदा तसदी देत आहे. हा अर्ज आपल्याच व्हरांड्यातील बाकावर बसून लिहीत आहे. घरी बसवत नाही, आणि इथेही दर दोन ओळींनंतर उठून आपल्या दाराकडे पाहून यावे लागते. अक्षर हलले असल्यास त्याचे कारण एवढेच.

१. मी आणि माझी थोरली बहीण (यापुढे 'ताई') मिळून कपडे धुण्या-इस्त्रीचे दुकान चालवत होतो. धुलाई आणि हिशेब माझ्याकडे, इस्त्री आणि गिऱ्हाइके ताईकडे, नफा निम्मा-निम्मा. उभे राहून इस्त्री करण्यात ताईचे गुडघे गेले, तेव्हा दुकान विकले. सगळी रक्कम माझ्या खात्यात आली, कारण ताईची बोटे आखडल्याने तिची सही जुळेना आणि बँकेने तिचे खाते थांबवले होते. ती जुळेपर्यंतचे काही दिवस मी कागदोपत्री श्रीमंत होतो. हा प्रकार माझ्या आयुष्यात पूर्वी घडलेला नसल्याने त्यात काय काय धोके असतात, याची मला कल्पना नव्हती.

२. त्याच आठवड्यात एक गृहस्थ घरी आले. ताई प्रत्येकाला नाव ठेवते, त्याप्रमाणे त्यांचे नाव 'हसरा' पडले. त्याने सांगितले की हेज फंड कोणालाही खुला नसतो. ठराविक रकमेच्या वर ज्याची मालमत्ता असेल त्याला कायद्याने जाणकार गुंतवणूकदार मानतात आणि त्यालाच आत घेतात. माझे पासबुक पाहून त्याने तिथल्या तिथे फॉर्म भरला आणि मी जाणकार असल्याचा दाखला घरपोच आला. महोदय, खात्यात पैसे म्हणजे डोक्यात अक्कल, हा नियम कोणी केला मला ठाऊक नाही, पण त्याने धुलाईचे दुकान चालवलेले नसावे. आमच्याकडे सगळ्यात भारी कोट आणणाऱ्यांच्याच खिशात नोटा राहिलेल्या असत.

३. फंडाचे काम त्याने आमच्या भाषेत समजावले. शेअर चढणार असे वाटले तर विकत घ्यायचे, हे कोणीही करतो. पण उतरणार असे वाटले तर दुसऱ्याचे उसने आणून आज विकायचे, उद्या स्वस्तात घेऊन परत करायचे. म्हणजे गिऱ्हाइकाने ठेवलेला कोट आज विकायचा आणि ते न्यायला येईपर्यंत तसाच कोट कमी भावात आणून टांगायचा. मधला फरक आपला. बाजार वर जावो की खाली, फंड सुरक्षित. ताईने विचारले, "आणि कोटाचा भाव चढला तर?"

"मावशी, ते बघायला आमच्याकडे माणसं बसलेली असतात," हसरा म्हणाला.

"इस्त्रीपाशी मीही असायचे. तरी एखादा जळायचाच," ताई म्हणाली. हसरा यावरही हसला. ताईसुद्धा हसली. हे मी मुद्दाम नोंदवत आहे, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

४. दोघांचे मिळून सगळे पैसे आत गेल्यावर जे कळत गेले ते असे. फंड दरवर्षी ठेवीचे दोन टक्के घेतो, जिंको वा हरो. शिवाय नफ्याचा पाचवा हिस्सा घेतो. तोट्यात मात्र त्याचा हिस्सा नाही. आमच्या दरपत्रकात हे असे बसले असते : धुलाई आधी रोख, तो सदरा घालून नोकरी लागली तर पगाराचा पाचवा हिस्सा आमचा, सदरा जळाला तर तुमचा. दुसरे, आमच्या एकावर बाहेरचे चार उसने घेऊन पाचाचा व्यवहार होतो. पाचाचे सहा झाले की आमच्या एकाचे दोन दिसतात. पाचाचे चार झाले की आमचे काही उरत नाही, कारण उसने देणारा आपले चार आधी मोजून घेतो. तिसरे, ज्या वस्तूंना बाजारात रोज गिऱ्हाईक नसते त्यांची किंमत फंड स्वतःच अंदाजाने लावतो. त्यामुळे मासिक पत्रक इतके गुळगुळीत येई की ताई म्हणाली, "यावर कोणीतरी इस्त्री फिरवलीय." मग एका तिमाहीत ते चुरगळले. पाऊण रक्कम उरल्याचे लिहून आले. सगळे दाराकडे धावले तेव्हा कळले की दारालाही अट आहे : एकदम फार जण निघाले तर एका तिमाहीत दहावा भागच बाहेर सोडतात, बाकीचा "योग्य वेळी".

५. योग्य वेळ माझ्यापुरती शुक्रवार आहे. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. ताई वर्षाच्या सुरुवातीपासून खाली उतरलेली नाही. खिडकीत बसून रस्त्यावरच्या लोकांच्या कॉलरी तपासते आणि कोणाची बायको माहेरी गेली ते मला सांगते. समोरच्या गल्लीत पुस्तकांच्या एका बाइंडरची तळमजल्यावरची खोली विकाऊ आहे. उंबऱ्याबाहेर थेट फूटपाथ. तो शुक्रवारपर्यंत थांबतो म्हणाला आहे. ताईच्या वाट्याची जी काही पाऊण रक्कम उरली आहे, तीत ती खोली बसते. दहाव्या-दहाव्या भागाने आली तर बाइंडर थांबणार नाही, आणि गुडघेही थांबणार नाहीत.

६. माझा पहिला अर्ज आपण फेटाळलात, कारण जाणकारांना संरक्षण लागत नाही. म्हणून दुसऱ्या अर्जात मी वरील परिच्छेद ४ मधील सर्व बाबी खुलासेवार लिहिल्या, मला किती अंधारात ठेवले ते दिसावे म्हणून. त्यावर आपले उत्तर आले की "अर्जदारास कर्ज, शुल्क, मूल्यांकन व निर्गमनाच्या अटींचे सखोल ज्ञान असल्याचे अर्जावरूनच दिसून येते". सरकारी कागदावर माझे कौतुक प्रथमच झाले. परंतु महोदय, हे ज्ञान मला पैसे गेल्यावर झाले आणि त्याची फी मी भरलेली आहे. खिडकी क्रमांक तीनवरील बाई कळवळून म्हणाल्या, "काका, तुम्ही एवढं नीट लिहू नका. थोडी खाडाखोड करा. माणूस गोंधळलेला दिसला पाहिजे." तसा प्रयत्न करून पाहिला. चार ओळींतच चुका दुरुस्त करून ठेवल्या. हाताची सवय जात नाही.

७. आता मूळ मुद्दा. फंडाच्या पुस्तिकेत कलम आहे की अपात्र सभासदाची रक्कम कोणतीही अट न लावता परत करावी. ताईचा निम्मा वाटा वजा केला तर मी पात्रतेच्या रकमेच्या बराच खाली येतो, म्हणजे जाणकार कधी नव्हतोच. बाईंनी सावध केले की मग फॉर्ममध्ये खोटी माहिती दिल्याबद्दल मलाच दंड होईल. यातून सुटायचे तर माझी पात्रता न उकरता नुसता ताईचा वाटा परत मागावा, आणि त्यासाठी ताईने प्रतिज्ञापत्र द्यावे की पैसे कुठे गेले हे तिला माहीतच नव्हते. ते मी लिहून नेले. ताईने चष्मा लावून दोनदा वाचले आणि पेन माझ्याच हातात परत दिले.

"मी तिथंच बसले होते की. वर्षभरात खोली घेऊन वर चार पैसे उरतील, असं मलाही वाटलं. आता माहीत नव्हतं म्हणून कशी सही करू?"

मी म्हटले, ताई, शुक्रवार आला.

"येऊ दे. तू खरं ते लिही. त्यांना वाचता येत असेल."

म्हणून खरे ते लिहीत आहे. ताईला माझ्याइतकेच माहीत होते. मोहही माझ्याइतकाच झाला होता. परंतु तिच्याकडे दाखला नाही. तो तिच्याकडे कोणी मागितला नाही, तिला दिला नाही. आपल्या नियमात माणसाला काय कळते हे पाहत नाहीत, दाखला पाहतात, हे मी तीन अर्जांत शिकलो आहे. त्या नियमाने ताईची रक्कम विनादाखला आत गेली आहे आणि ती बाहेर आलीच पाहिजे.

८. सबब विनंती की, माझा वाटा फंडातच राहू द्यावा, जाणकाराचे जे काय व्हायचे ते त्याचे व्हावे, आणि दंड त्यातूनच कापावा, माझी हरकत नाही. ताईचा वाटा मात्र शुक्रवारी बँक बंद होण्यापूर्वी परत करण्याचा आदेश व्हावा. ती रक्कम थेट ताईच्या खात्यात जमा करावी, तिची सही आता जुळते. कृपया माझ्या खात्यात पाठवू नये. मी पुन्हा काही दिवस श्रीमंत दिसेन आणि हसऱ्याकडे माझा फोन नंबर आहे.

उत्तर टपालाने पाठवू नये. मी बाकावरच आहे.

आपल्या दप्तरी जाणकार,
घरी ताईचा धाकटा भाऊ
(सही)

दिनांक : आज, बुधवार.

सोबत :
१. दुकान विक्रीचा करार, दोघांच्या नावांचा.
२. जाणकार असल्याचा मूळ दाखला. परत नको.
३. ताईचे प्रतिज्ञापत्र, सही नसलेले.