पुरुषोत्तमला ठेचा खायला घालीन

३० नोव्हेंबर १९८५, नेपरव्हिल (शिकागोजवळ)
सुपरमार्केटातून ऑर्नामेंटल पेपरचं, म्हणजे मिरचीचं, रोप आणलं. लाल मिरच्या, एकूण नऊ. महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलक जेवणात पुरुषोत्तम म्हणाला, ती शोभेची असते, टीव्हीवर ठेव. डोकं फिरलं. चारचौघांत सांगून टाकलं, संक्रांतीच्या कार्यक्रमाला ठेचा माझ्या घरच्या मिरचीचा. तोपर्यंत किलोभर सहज निघेल.

१ डिसेंबर
कुंडी हीटिंगच्या व्हेंटवर ठेवली. मिरचीला ऊब लागते. संध्या म्हणाली, तिथली हवा फार कोरडी आहे. केमिकल इंजिनिअर कोण आहे या घरात?

८ डिसेंबर
पानं गळतायत. माती अमेरिकन, दुसरं काय होणार. परागीकरण व्हावं म्हणून फुलांवरून रुपालीचा पेंटब्रश फिरवला. कार्टी म्हणाली, ग्रोस, बाबा. म्हणजे शी. संस्कार कमी पडले.

२१ डिसेंबर
पुरुषोत्तम येऊन गेला. रोपाकडे बघून म्हणाला, बरं दिसतंय हं.

२२ डिसेंबर
एका रात्रीत अकरा पानं पडली. दृष्ट! माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण माणूस तसा आहे. लिंबू-मिरची बांधायचं ठरवलं. लिंबू फ्रिजमध्ये होतं, मिरच्या नव्हत्या. इंडियन स्टोअर तासभर लांब, बाहेर बर्फ. शेवटी रोपाच्याच सात मिरच्या तोडल्या, ओवल्या आणि कुंडीवर टांगल्या. संध्या बघत राहिली. हिला दूरदृष्टी नाही.

५ जानेवारी १९८६
उरलेल्या दोन मिरच्या सुरकुतून गळल्या. आता नुसती काडी आहे. दुकानाला खरमरीत पत्र लिहिलं. संताप संताप होतोय. कार्यक्रमाला ताप आल्याचं सांगावं का?

१८ जानेवारी
जावंच लागलं. संध्याने डबा उघडला तर ठेचा. टांगलेल्या सात मिरच्या वाळल्या होत्या, त्या तिने लसूण-दाण्यांबरोबर कुटल्या होत्या. दृष्टीच्या मिरच्या लोकांना खाऊ घातल्या! पुरुषोत्तमने दोनदा घेतला. त्याला काही झालं नाही.
त्याने विचारलं, वहिनी, खरंच घरच्या? संध्या म्हणाली, हो, ह्यांनी सात वेळेवर तोडल्या, म्हणून तेवढ्या वाचल्या. सगळे हसले. मीही हसलो. जिवावर आलं होतं.
घरी येऊन काडी फेकली आणि व्हेंटवर पाय शेकत बसलो. दहा मिनिटांत टाचा तडकल्या. हवा खरंच कोरडी आहे. संध्याला सांगितलेलं नाही. तिने न विचारता व्हॅसलीन आणून ठेवलं.