राहून गेलेला वायपर

२४ ऑगस्ट, शुक्र.
नांदेडहून एस.टी.च्या पार्सलनं आलं: पिकअपच्या वायपरची मोटर, जुनी पण चालू, रु. १६०. रबरी पात्या दोन, रु. १८. हमाली रु. २. सगळं देवघराशेजारच्या फळीवर ठेवलं, दुसरीकडे जागा नाही. ग्रीसचा वास. उदबत्ती लावली तरी हटेना.
हे जेवायला आले, बघून म्हणाले, "आता कशाला? पाऊस तर तोंड दाखवून गेला." मी ताट वाढलं. 

२५ ऑगस्ट, शनि.
काल हिशेब टिपला तेवढाच, त्याआधी तेरा तारखेपासून वही उघडली नव्हती. आज सगळं नीट लिहिते, नाहीतर माझंच मन त्याला वेगळं वळण देईल.
गाडी चालवायचे दत्ताभावजी, माझे धाकटे दीर. नवा जिल्हा झाला त्या साली गाडी घेतली, उस्मानाबादेहून कचेऱ्यांची कपाटं-टेबलं लातूरला आणायला. जुनीच घेतली, पण चालली. पुढं दुष्काळ पडला आणि कपाटांच्या जागी पाण्याची पिंपं आली. हे दुकानात, म्हणून गाडीचं डिझेल, दुरुस्ती माझ्या हाती.
जूनमधे भावजी म्हणाले, "वैनी, वायपर हालंना झालाय. खाजामिस्त्रीला दाखवू का?" मी म्हणाले, आभाळात ढगाचा ठिपका नाही, कशाला खर्च. जुलैत पुन्हा विचारलं. मी म्हणाले, पडू तर द्या. पात्यासुद्धा मीच काढायला लावल्या, उन्हानं रबर जळतं म्हणून. जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवल्या. अजून तिथंच आहेत; त्यांना हात लावायला नको म्हणून नव्या मागवल्या. आणि वर, यांच्या कानावर घालू नका. यांचा हात सैल, लगेच करून घेतलं असतं.
श्रावणातला तिसरा सोमवार, ता. १३. माहेरी औशाकडं बायांनी महादेव कोंडायचं ठरवलं. गाभाऱ्याचा उंबरा मातीनं बांधायचा आणि पिंड बुडेपर्यंत पाणी भरायचं. देव गुदमरला की पाऊस सोडतो. गावात प्यायला पाणी नाही, तर इतकं कुठून आणणार? मीच भावजींना म्हणाले, आठ पिंपं नेऊ.
पिंपं चढवताना ते हसत होते. "वैनी, देवाकडं पाऊस मागायला निघालाव अन् गाडीला वायपर न्हाई. देवानं बघितलं तर म्हणंल, हिलाच खरं वाटंना झालंय."
मी म्हणाले, "गप बसा. उपासाच्या दिवशी काहीतरी बोलता."
पिंपं रिकामी करून भावजी एकटेच निघाले. मी रात्रभर माहेरी राहणार होते. चारच्या सुमाराला आभाळ काळं झालं आणि पडला. असा पडला की समोरचा पार दिसेना. मी देवळासमोर हात जोडून भिजत उभी होते. बाया फुगड्या घालत होत्या. मी रडले सुद्धा, आनंदानं.
तेव्हाच भावजी औसा रस्त्यावर खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी चालवत होते. बाभळीची फांदी. उजवा डोळा. गाडी नाल्यात.
तासाभरात पाऊस थांबला. त्यानंतर एक थेंब नाही.

२६ ऑगस्ट, रवि. पोळा.
बैल नाहीत, पुरणपोळी मात्र केली. चारच. भावजींना आवडते म्हणून पाचवी करायला हात गेला होता.
ते आधी नांदेडला दवाखान्यात होते, आता भोकरला वन्संकडे. पट्टी आहे. हे भोकरला जाऊन आले ते रागातच आले. मी विचारलं, काय म्हणाले भावजी? तर, "काय म्हणणार? म्हणतो, माझं लक्ष नव्हतं. वायपर बंद पडून किती दिवस झाले विचारलं तर खाली बघतो. गाडी त्याच्या हातात देणं हीच माझी चूक."
म्हणजे माझं नाव घेतलं नाही त्यांनी. अजून घेतलं नाही.

२७ ऑगस्ट, सोम.
खाजामिस्त्री आले. नाल्यातून ओढून आणलेल्या गाडीच्या डॅशबोर्डखाली उताणे शिरले, पाय बाहेर. मी सतरंजी दिली. अर्ध्या तासानं आतूनच हसले.
"भाभी, नांदेडची मोटर परत पाठवा. तुमची मोटर लई मस्त हाय."
"मग चालत का नाही?"
"नवरी धडधाकट हाय, बांगडी फुटली तेवढी." बाहेर येऊन तळहातावर दाखवली. मोटर दांडीला जिथं जोडतात तिथली नायलॉनची बूश. करंगळीत बसेल एवढी. फुटून दांडी निसटलेली. मोटर आपली फिरतीय, दांड्या जागच्या जागी.
"किती लागेल?"
"लेथवर करून घेतो. चार रुपये. चहा पाजा, मजुरी नको. दत्ता माझा दोस्त हाय."
चार रुपये. मी आत आले आणि चहाला आधण ठेवून तशीच उभी राहिले. आटून गेलं. पुन्हा ठेवलं.
खर्च जास्त येईल असं मी धरून चालले होते. विचारलं मात्र नाही कुणाला. मिस्त्री गल्लीच्या टोकाला बसतात.

२९ ऑगस्ट, बुध. हरतालिका.
निर्जळी. वाळूची पिंड केली. आज महादेवासमोर बसवेना. त्याच्याकडे पाऊस मागितला तेव्हा मला तो येईल असं खरंच वाटत होतं का? वाटत असतं तर पात्या पेटीत राहिल्या असत्या का? भावजी चेष्टेत म्हणाले तेच खरं. लोकांनी जीव ओतून मागितलं. मी पिंपं दिली आणि घरी परत यायची सोय केली नाही.
यांना आज सांगायचं ठरवलं होतं. पूजेला नारळ आणला यांनी, हसत होते. नाही सांगितलं.

३१ ऑगस्ट, शुक्र.
शेजारच्या गोदाक्का भोकरहून आल्या. भावजींना भेटल्या. त्यांचा निरोप, "वैनीला सांगा, लक्ष्म्यांना यायला न्हाई जमत. गाडीची काळजी करू नका म्हणा." एवढंच. मी दोनदा विचारलं, आणखी काही? गोदाक्का म्हणाल्या, "अगं, पोरगा भिंतीकडं तोंड करून बसतोय. बहीण जेवायला हाक मारती तर उठतोय, नाहीतर न्हाई."
पट्टी शनिवारी ता. ८ ला काढणार. मग कळेल.

१ सप्टें., शनि.
वायपर बसला. मिस्त्रींनी बटण दाबलं, दोन्ही पात्या हलल्या. मग तांब्या मागितला. मी म्हणाले, पाणी कशाला? "काचेवर टाकल्याबिगर कळंल कसं, भाभी?" टँकर येऊन तीन दिवस झाले होते, तरी दिला. काच स्वच्छ झाली. पण चालवणाऱ्याच्या बाजूला अर्धा गोल ओरखडा आहे, खोल. मी विचारलं हा कशाचा. मिस्त्री म्हणाले, "पात्या नव्हत्या ना. त्या दिवशी त्यानं एका हातानं दांडी ढकलून बघितली असंल. लोखंड काचेवर घासलं."
म्हणजे डोकं बाहेर काढण्याआधी त्यांनी ते सुद्धा केलं होतं.

२ सप्टें., रवि. लक्ष्म्या बसल्या.
मुखवटे, साड्या, सोळा भाज्यांच्या जागी नऊ. आरती झाल्यावर हे ओट्यावर बसले होते. मी सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, बसले असते तर राहिलं असतं. जून, जुलै, पात्या, "कानावर घालू नका", सगळं.
 मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "भोकरला बहिणीच्या ओसरीवर, दाजीसमोर, शेजाऱ्यांसमोर मी त्याला म्हणालो, तुझी लायकी नाही. तो ऐकून घेत होता."
मग, "तुला वीस दिवस लागले?"
मी मोजले. खरंच वीस.

४ सप्टें., मंगळ.
यांना म्हणाले, चला, भोकरला जाऊ, गाडीनंच. तर म्हणाले, "गाडी घेऊन कुठल्या तोंडानं जाऊ? तू लिही आधी. माझंही त्यातच लिही." काय लिहू विचारलं तर उठून दुकानात गेले. दुपारी जेवायलाही आले नाहीत, डबा मागवला.

५ सप्टें., बुध.
पत्र तीनदा लिहिलं. पहिल्यात देवाचं फार झालं. दुसऱ्यात माझंच रडगाणं. तिसरं टाकलं टपालपेटीत. इथं उतरवून ठेवते, काय पाठवलं ते आपल्याला माहीत असावं.

"चि. दत्ताभावजी यांस अनेक आशीर्वाद. वायपर बिघडल्याचं तुम्ही मला दोनदा सांगितलं होतं. मीच नको म्हणाले, आणि यांना सांगू नका हेही मीच म्हणाले. हे सगळं रविवारी यांना सांगितलं आहे. तुम्ही आता माझ्यासाठी गप्प राहू नका. हे ओसरीवर जे बोलले ते यांनी परत घेतलं आहे, पण ते लिहायला यांचा हात उचलत नाही, म्हणून मी लिहिते. वायपर दुरुस्त झाला. मोटर चांगलीच होती. चार रुपयांचं काम होतं. हे लिहायला मला लाज वाटते, तरी लिहिते, कारण तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये.
शनिवारी पट्टी काढल्यावर डोळ्याला उजेड लागतो का, एवढं कळवा. तुम्हाला लिहिता येत नसेल तर वन्संच्या हातून लिहा. माझ्याशी बोलायचं नसेल तर तसं लिहा, तेही मी वाचीन. पण उलटटपाली लिहा."