आखूड काडीचा बाण

प्रिय तुमीन,

रविवार होऊन चार दिवस झाले, आज गुरुवार. शाळेचं तोंड मी दोनच वर्षं पाहिलं, तरी माझ्या अक्षराला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. आज ते वाकडं येतंय. हसू नकोस.

गावात काय काय सांगत असतील कोण जाणे, म्हणून मी डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहितो. सकाळचे दहा वाजून गेले होते. प्रार्थनाघरात आम्ही संतांचे उत्सव सोडलेल्या अकरा घरची त्रेचाळीस माणसं होतो, दुसरं भजन चालू होतं. शोभेच्या दारूचा पहिला बाण खिडकीतून आत आला तेव्हा मला वाटलं, उत्सवाचा चुकून आला. संत मिगेलचा उत्सव नऊ दिवसांवर होता, गावात बाण सुटतच होते. मग दुसरा आला, तिसरा आला, आणि चौथ्याने पाइनच्या फळ्यांची भिंत पेटली. बाहेर कोण होतं? परके नव्हते रे! सगळ्यांत पुढे मानकरी आंतून. त्याच्या घराचं दार मी बसवून दिलंय, अजून कुरकुरत नाही. तो ओरडत होता, "उत्सवाची वर्गणी नाही, संताच्या पालखीला खांदा नाही, तर गावात पायही नाही!" तासाभरात आम्हाला ट्रकवर चढवलं. मागे घरं जळताना दिसत होती. गेल्या वर्षी आमचं पाणी तोडलं तेव्हा मी म्हणायचो, रागावलेत, निवळतील. माणसं आत असताना आग लावतील, हे मला अजून खरं वाटत नाही. जेवताना मध्येच घास हातात राहतो.

ट्रकवर चढण्याआधी मी राखेतून बाणाची एक काडी उचलली. का, ते सांगता येत नाही. बावीस वर्षं दारूकाम केलेला माणूस पडलेली काडी उचलतोच. इथे सान क्रिस्तोबाल शहराच्या कडेला एका रिकाम्या गोदामात आम्हाला जागा मिळाली आहे. सोमवारी सकाळी दारातल्या उजेडात ती काडी नीट पाहिली. नळी काडीला बांधणारे खाली सात वेढे, वर तीन, आणि मेणाच्या दोऱ्याचं टोक तिसऱ्या वेढ्याखालून ओढून घेतलेलं. आपल्या डोंगरात बाकीचे पाच वेढ्यांवर भागवतात आणि वर गाठ मारून मोकळे होतात. ही बांधणी मी माझ्या डोक्याने काढली, आणि शिकवली ती एकालाच.

आधी म्हटलं, माझाच एखादा जुना बाण असेल. पण मी बायबल हातात घेऊन ते काम सोडलं त्याला नऊ वर्षं झाली, आणि काडीला चिकटून राहिलेला दारूच्या नळीचा कागद तर सिमेंटच्या नव्या पिशवीचा होता. मग काडी मोजली. तीन बोटं जाडीच्या नळीला सात वीत काडी लागते. ही अडीच वीत भरली. टोक जळलेलं नव्हतं, सुरीने कापलेलंही नव्हतं. गुडघ्यावर मोडल्यावर निघतात तसे तंतू निघाले होते. केवढा सुटलो म्हणून सांगू! म्हणजे तू तो आभाळासाठी केला होतास, दुसऱ्याच कुणीतरी मोडून आमच्यावर सोडला.

हे समाधान अर्धा तास टिकलं. काडी आखूड केली की बाण आडवा धावतो, हे त्यांना कुणी सांगितलं? तुला आठवत असेल, मक्याच्या कापलेल्या शेतात मीच तुला ते दाखवलं होतं. बाण सरळ काताल आत्याच्या मेंढ्यांत घुसला. आई गेल्यावर आपल्याला वाढवणारी आत्या, ती काठी घेऊन धावली, "मेल्यांनो, माझ्या मेंढ्या काय आभाळात चरतात होय रे?" तू तीन दिवस हसत होतास. आणि मी तुला बजावलं होतं, हे कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही.

मंगळवारच्या प्रार्थनेत मी उभा राहिलो, काडी सगळ्यांच्या मध्ये ठेवली आणि म्हटलं, बांधणी माझ्या भावाची आहे. पाश्कू उठून बाहेर गेली. तिचं घर, माग, विणून ठेवलेली लोकर, सगळं गेलंय. मग म्हातारा मान्वेल खाकरला, "बरं झालं सांगितलंस. दोन दिवस आपण नुसतं 'ज्यांनी केलं त्यांना क्षमा कर' म्हणून मोघम मागतोय. देवाला तरी पत्ता नको का द्यायला?" लोक हसले, आणि हसता हसता रडले. पाश्कू परत आली, भिंतीला टेकून बसली, म्हणाली, "मी नाही मागणार त्याच्यासाठी. अजून नाही. तुम्ही मागा, मी इथे बसते." तेव्हापासून रोज सकाळी तुझं नाव घेतात. मी रागाने दोन दिवस ओठ मिटून बसलो होतो. आज कसंबसं "तुमीन" म्हणालो. पुढे शब्द सुचला नाही.

आता का लिहितोय ते. येत्या सोमवारी सरकारी अधिकारी जबाब घ्यायला येणार आहेत. बाण कुणाच्या हातचा, हे मला विचारतील आणि मी खोटं सांगणार नाही. पण मला फक्त बांधणी माहीत आहे. तू जाणूनबुजून दिलेस, की धाकाने दिलेस, की तुझ्या कोठीतून नेले, ते तुलाच ठाऊक. माझ्या तोंडून तुझं नाव कागदावर जाण्याआधी तू ये आणि तुझं तू सांग. मी शेजारी उभा राहीन. इथे तुला कुणी हात लावणार नाही, पाश्कूसुद्धा नाही. आणखी एक, जे तुला गावात कुणी सांगितलं नसेल. तिसरा बाण आत्याच्या तोंडासमोर फुटला. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळे गेले. ती दिवसभर गोदामाच्या दाराशी बसते, ओठ हलत असतात. कुणी आलं की हात पुढे करून विचारते, "कोण रे बाबा?" तू येशील तेव्हा मी मध्ये बोलणार नाही. नाव तुलाच सांगावं लागेल.

वाट पाहणारा, अजूनही तुझाच
शालिकदादा