फेट्यातले लाइट आणि भागवताचा ढोल

माजलगावी लेकाच्या घरी राहणाऱ्या माझ्या ढोलवाल्या भागवतास,

वडवणीहून हरिबाचा पोटभर रामराम. गुडघे कसे आहेत? वहिनींच्या डोळ्याची पट्टी सुटली का? (सुटली असेल तर हे पत्र त्यांच्या हाती देऊ नकोस.) इकडे आमची ही, चतुराबाई, ठणठणीत, माझी झोप तेवढी गेली आहे.

घोर असा, की बिरोबाच्या जत्रेत धनगरी गजीनाचाच्या रांगेत यंदाही पुढे मीच नाचायचे आहे, पण फेट्यात लाइट घालून! पोरे म्हणाली, "म्हाताऱ्याला पुढं ठिवायचा आसंल तर लाइट पायजेत, न्हाईतर कोन बघतंय बे?" ही जागा गेली तर सकाळी उठायचे तरी कशाला, असे झाले आहे. म्हणून नात योगिता कामाला लागली. ती कॉलेजात शिकते. नाण्याएवढ्या चकतीत कॉम्प्युटरवरून हुकूम भरते. मग ढोलाचा ठोका पडला की फेट्याच्या काठाला शिवलेले बारके दिवे लागतात.

नवी वस्तू, म्हणून चतुराबाईने चकतीची पूजा केली. हळदकुंकू, ओल्या अक्षता, वर मूठभर भंडारा. चकती गपगार. योगिता रडकुंडीला आली, "आज्जे, कावून वं पानी घातलंस?" तर ही म्हणते, "ट्रॅक्टरला घातलं तवा त्यो चालला न्हाई का?"

दुसरी चकती आणली, ती माझ्या खोकल्यावरही दिवे लावू लागली. फेटा बांधूनच जेवत होतो, ठसका लागला आणि डोके लखलखले, तर शेजारची वच्छलाबाई डोकावली, "लगीन कुनाचं हाय?"

भागवता, तुझ्या दोन ठोक्यांच्या मधे थोडी जागा असायची. तेवढ्यात पाय उचलायचा, फेट्याचा शेव सावरायचा, आणि बघायला आलेल्या खालच्या आळीच्या मुक्ताबाईकडे एक नजरही टाकता यायची. (ही ओळ वाचून खोड, नाहीतर वहिनी चतुराबाईला कळवतील.) आताची पोरे ढोल असा बडवतात की मधे फटच नाही. दिवे विझतच नाहीत, मी आपला मंगल कार्यालयासारखा उभा! चकतीला तुझाच ठोका पाहिजे.

तुझाच,
हरिबा

ता. क. म्हणून जत्रेला ये. खांद्याला ढोल झेपत नसेल तर बाजेवर ठेवू, बसून वाजव.

ता. क. दुसरा. योगिताने हे वाचले आणि खरे लिहायला लावले. ती म्हणते, "आजोबा, चकती मी कालच नीट केलीय. लाइट आता कुनाच्याबी ढोलावर लागतेत आन् इझतेत. तुमचा पायच उचलंना." तर पायासाठी ये.