क्लचची वायर

सियामक,

मोटरसायकलची किल्ली शोधत बसू नकोस, ती घेऊन मी ताईकडे चाललेय. समोर राहिले तर तू काहीतरी बोलून मला हसवशील आणि उद्या मी मुकाट्याने तुझ्या मागे बसेन.

क्लच जड जातो म्हणून तू दोनदा वायर बदललीस. वायर चांगलीच होती रे. काल सामान बांधताना तुझा डावा हात थरथरत होता आणि तू माझ्याकडे पाठ केलीस. हे आता वाढतच जाणार, असं डॉक्टर म्हणाले, ते मला तुझ्या भावाकडून कळावं? आयुष्यभर तुझ्या पाठीला टेकून बसलेय मी!

तबरीझहून चाबहारच्या समुद्रापर्यंत मी चालवलीही असती. पण बाईला मोटरसायकलचं लायसन्स कोण देतंय इथे?

पातेल्यात आशचं घट्ट सूप आहे, गरम करून खा. चहा कान असलेल्या कपातून पी, काचेचा पेला घेऊ नकोस.

सकाळी शेजारच्या इज्जत खानम वाडगा घेऊन येतील, आपण सुखरूप परतावं म्हणून मागे पाणी टाकायला. त्यांना म्हणावं, कुंडीत ओता. परत यायला आता आपण जाणार कुठे आहोत?

सोलमाज